ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधील जुन्या फाँटची सोय कधी बंद करावी?

इंदूरमधील मराठी ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून युनिकोडपूर्व फाँटमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये) सूची छापण्याची सोय काढायची आहे, पण कर्मचारी अजून तीच वापरतात, असा आपला प्रश्न आहे. जुन्या फाँटमध्ये साठवलेल्या नोंदी युनिकोडमध्ये रूपांतरित होण्यापूर्वी ही सोय काढल्यास सूचीत निरर्थक चिन्हे छापली जातील. शिवाय रफार आणि जोडाक्षरे यांचे रूपांतर अनेकदा चुकते, त्यामुळे ते जाणकाराकडून तपासून घ्यावेच लागते. पडद्यावरची सूचना फारसे कोणी वाचत नाही, तेव्हा कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष सांगून मुदत लेखी कळवावी. अशी मुदत आधी देण्याचे उदाहरण म्हणजे, अडोबी कंपनीने फ्लॅश हे वेबपानांवर चलचित्रे व खेळ चालवणारे सॉफ्टवेअर बंद करण्याची घोषणा जुलै २०१७ मध्ये केली आणि त्याचे पाठबळ २०२० च्या अखेरीस थांबवले. आपल्याला एवढा अवधी नको, परंतु वार्षिक ग्रंथ-पडताळणी संपेपर्यंत सोय चालू ठेवावी.