गाडी रुळावर आहे की नाही, हे सेन्सरला कसे कळावे?

मॉडेल रेल्वेवर गाडी ओळखण्यासाठी अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, सेन्सर वापरणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा अधिक दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझ्या एचओ मापाच्या (म्हणजे १:८७ प्रमाणाच्या) मांडणीवर बोगद्याच्या तोंडाशी, दोन स्लीपरांच्या मधल्या जागेत, टीसीआरटी ५००० हा सेन्सर खालून बसवला आहे. रात्री तो अचूक चालतो. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की रूळ मोकळा असतानाही सिग्नल लाल होतो. मॉड्यूलवरचा स्क्रू फिरवून दिवसाचे जमवले, तर रात्री गाडीच ओळखली जात नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा सेन्सर बिघडलेला नाही. त्याला जे विचारले आहे त्याचेच उत्तर तो देत आहे. टीसीआरटी ५००० मध्ये सुमारे ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त एलईडी आणि त्याच्या शेजारी फोटोट्रान्झिस्टर असतो. वरून डबा गेला की त्याच्या तळावरून परतलेले किरण फोटोट्रान्झिस्टरवर पडतात आणि ‘गाडी आली’ असा संकेत मिळतो. सूर्यप्रकाशातली जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त भागात असते. सेन्सरवरचे गडद प्लास्टिक दृश्य प्रकाश अडवते, अवरक्त किरण मात्र आत सोडते, म्हणून आपले किरण कोणते आणि सूर्याचे कोणते हे त्याला वेगळे करता येत नाही. जुन्या तंतूच्या बल्बनेही हाच घोटाळा होतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांत अवरक्त भाग नगण्य असल्यामुळे तुमची रात्र निर्वेध जाते.

स्क्रू फिरवून तुम्ही फक्त उंबरठा, म्हणजे किती प्रकाशाला ‘गाडी’ म्हणायचे ती सीमा, हलवता, आणि दिवस व रात्र या दोन्हींना पुरेल असा एकच उंबरठा सापडत नाही. उपाय असा की एलईडी सतत पेटता न ठेवता तो आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या, एका पिनवरून चालवावा. एलईडी विझलेला असताना एकदा वाचन घ्यावे, तो लावून काहीशे मायक्रोसेकंद थांबावे, दुसरे वाचन घ्यावे आणि निर्णय केवळ या दोन वाचनांमधील फरकावर करावा. ऊन दोन्ही वाचनांत सारखेच असल्यामुळे ते वजाबाकीत निघून जाते. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, परंतु दोन्ही वाचने एका मिलिसेकंदाच्या आत उरकल्यास तेवढ्या वेळात त्याचा प्रकाश फारसा बदलत नाही. यासाठी तयार मॉड्यूलचा होय-नाही सांगणारा संकेत उपयोगाचा नाही. फोटोट्रान्झिस्टरचे व्होल्टेज थेट अ‍ॅनालॉग पिनवर घ्यावे लागते.

येथे एक अडचण हमखास येते. फोटोट्रान्झिस्टरला ५ व्होल्टशी जोडणारा रोध (रेझिस्टर) ४७ किलोओहमचा असेल, तर जेमतेम ०.१ मिलिअँपिअर प्रवाहातच सगळे व्होल्टेज त्या रोधावर खर्ची पडते. भर उन्हात एवढा प्रवाह एकट्या सूर्यामुळेच वाहतो, सेन्सर दिपून जातो आणि एलईडी लावा की विझवा, फरक शून्यच येतो. रोध ४.७ किलोओहमचा केल्यास ही मर्यादा सुमारे १ मिलिअँपिअरपर्यंत जाते, मात्र त्याच प्रमाणात फरकही लहान होतो, म्हणून एलईडीचा प्रवाह वाढवावा लागतो. एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात असे धरले, तर ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर २२० ओहमचा रोध लावून साधारण १७ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो आणि तो आर्डुइनोच्या पिनला झेपतो. शिवाय खिडकीवर पडदा लावावा. ज्या उन्हाला आत येऊच दिले नाही, त्याची वजाबाकी करावी लागत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. सेन्सर कधी ना कधी चुकणारच, तेव्हा तो चुकला तर कोणत्या बाजूला चुकतो हे बसवण्यापूर्वीच ठरवले पाहिजे. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी जे ट्रॅक सर्किट घडवले, त्यात रुळांतून प्रवाह सतत वाहत असतो. गाडीच्या चाकांमधून तो मधेच वळून गेला, तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरी परिणाम एकच होतो : सिग्नल धोक्याची सूचना देतो. या कसोटीवर तुमची मांडणी तपासा. खालून परावर्तनाने पाहणाऱ्या सेन्सरचा एलईडी जळाला, तर तो ‘रूळ मोकळा’ असे सांगत राहील आणि मागची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळेल. रुळाच्या एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर बसवून किरण आडवा नेला, तर एलईडी जळाल्यावर ‘गाडी आहे’ असे कळते. हे बरोबर आहे, परंतु त्या मांडणीत ऊन थेट फोटोट्रान्झिस्टरवर पडले की गाडी मधे उभी असूनही ‘रूळ मोकळा’ असे कळते. आडवा किरण आणि वर सांगितलेली वजाबाकी एकत्र केली, तरच दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. एलईडी जळाला, ऊन आले, तार तुटली किंवा खरोखर गाडी आली, तरी फरक शून्याकडे जातो आणि सिग्नल लाल होतो. त्यामुळे नवी मांडणी करणाऱ्यांनी खालचा सेन्सर सोडून आडवा किरणच वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : आडवा किरण बसवला, पण प्रत्येक दोन डब्यांमधल्या फटीतून तो पार जातो आणि आठ डब्यांची गाडी आठ गाड्या म्हणून मोजली जाते. — एक वाचक, ठाणे

उत्तर : किरण रुळाला काटकोनात न नेता तिरका न्यावा. आपल्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेच्या) डब्याची रुंदी ३२४५ मिलिमीटर, म्हणजे १:८७ या प्रमाणात सुमारे ३७ मिलिमीटर भरते. रुळाशी ६० अंशांचा कोन करून जाणारा किरण एवढी रुंदी ओलांडेपर्यंत रुळाच्या दिशेने सुमारे २१ मिलिमीटर सरकतो. दोन डब्यांमधली फट १२ मिलिमीटर असेल, तर त्याला मागचा किंवा पुढचा डबा अडवतोच. किरणाची उंची रुळाच्या माथ्यापासून १२ ते १३ मिलिमीटर ठेवावी. भारतीय ब्रॉडगेजवर बफरची उंची जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर असते आणि तिचे मॉडेलवरचे माप एवढेच येते. त्याहून वर गेल्यास रिकाम्या सपाट वाघिणी किरणाखालून निसटतात.

त्याच्या जोडीला प्रोग्राममध्ये थोडा विलंब ठेवावा, म्हणजे किरण पुन्हा जुळल्यावर लगेच ‘गाडी गेली’ असे न म्हणता अर्धा ते एक सेकंद वाट पाहावी. ताशी ६० किलोमीटरच्या प्रमाणातली गाडी सेकंदाला १९ सेंटिमीटर जाते आणि १२ मिलिमीटरची फट तिला सुमारे ६० मिलिसेकंद पुरते. शंटिंग करताना ताशी १० किलोमीटरच्या वेगाने तीच फट जवळजवळ ०.४ सेकंद समोर राहते. केवळ विलंबावर मात्र विसंबू नये, कारण गाडी नेमकी फट किरणासमोर ठेवून थांबली तर कितीही विलंब अपुराच पडतो.

प्रश्न : माझ्या सेन्सरला निळे डबे दिसतात, पण कोळशाच्या काळ्या वाघिणी दिसत नाहीत. — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : ज्या काळ्या रंगात काजळीचे कण असतात तो अवरक्त किरणही शोषून घेतो, म्हणून परावर्तन जवळजवळ होतच नाही. याउलट डोळ्यांना काळेच दिसणारे काही रंग आणि प्लास्टिके अवरक्त किरण परतवतात किंवा आरपार जाऊ देतात. टीव्हीच्या रिमोटची काळी काच हे त्याचे नेहमीच्या पाहण्यातले उदाहरण आहे. म्हणूनच सेन्सरभोवती आडोसा करताना त्या प्लास्टिकची आधी परीक्षा घ्यावी. एलईडी पेटला आहे की नाही हे अनेक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसते, त्या एलईडीसमोर आडोशाचा तुकडा धरून पाहावा. वाघिणींच्या तळाला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून काम भागते, पण आडवा किरण बसवल्यास रंगाचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी सेन्सर आहेत. परवा कपलिंग सुटून शेवटचे दोन डबे आतच राहिले, तरीही सिग्नल हिरवा झाला. हे कसे टाळावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सेन्सर एका बिंदूवर काय आहे एवढेच सांगतो, दोन बिंदूंच्या मधे काय आहे हे त्याला कळत नाही. खऱ्या रेल्वेवर शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’ (लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा) अशी पाटी असते आणि ती पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण आली असे मानत नाहीत. जेथे हे काम यंत्रावर सोपवले आहे, तेथे अ‍ॅक्सल काउंटर आत गेलेले आणि बाहेर आलेले आस, म्हणजे चाकांच्या जोड्या, मोजतो.

तुम्हालाही तेच करता येईल. रुळाच्या माथ्यापासून ३ मिलिमीटर उंचीवर आणखी एक किरण न्यावा, आणि तो या वेळी काटकोनातच असावा, कारण प्रत्येक चाक वेगळे दिसायला हवे. आयसीएफ बोगीतल्या दोन आसांमधले अंतर १:८७ मध्ये सुमारे ३३ मिलिमीटर असते, त्यामुळे दोन चाकांच्या मधे किरणाला पुरेशी उघडीप मिळते. गाडी मागेही सरकू शकते, म्हणून प्रत्येक तोंडाशी असे दोन किरण एकमेकांजवळ ठेवून कोणता आधी तुटला यावरून दिशा ठरवावी. इंजिनाखाली लोंबणाऱ्या भागांमुळे मोजणी अधूनमधून चुकेल. आत गेलेली आणि बाहेर आलेली संख्या जुळेपर्यंत सिग्नल लालच ठेवावा आणि मोजणी शून्यावर आणायचे बटण बोगद्यात प्रत्यक्ष डोकावून पाहिल्यावरच दाबावे. वीज जाऊन परत आल्यावर आर्डुइनोची मोजणी आपोआप शून्यापासून सुरू होते, म्हणून प्रोग्रामची सुरुवात ‘बोगद्यात गाडी आहे’ असे गृहीत धरूनच करावी.