दहा मीटरवर बाण वर का लागतो

भाऊ, साइट (नेम धरायची खूण) नसलेल्या साध्या धनुष्याने जवळून मारताना बाण वर लागतो, यात हात खराब नसतो. बाण डोळ्याच्या खाली असतो. टोक ठिपक्यावर धरलं की तो वर चढतच निघतो. म्हणून टोक खाली धरायचं. किती? 10 मीटरवर संत्र्याएवढा ठिपका लाव, टोक त्याच्यावरच ठेवून सहा बाण सोड. ते जितके वर लागले, साधारण तितकंच टोक खाली. 15 आणि 20 मीटरला पुन्हा मोज, वहीत लिही.

दोरी ओढणारी तीनही बोटं बाणाखाली घेतलीस तर टोक खाली धरायचं हे अंतर कमी होतं. नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) मात्र किंचित वर घे.

खरी गोम अँकरची, म्हणजे दोरी ओढून हात चेहऱ्यावर जिथे टेकवतोस त्या जागेची. तर्जनी दरवेळी ओठाच्या कोपऱ्यातच. 1 सेंमी खाली घसरली, की 10 मीटरवर बाण 14 सेंमीच्या आसपास वर. मग लोक उगाच धनुष्याला दोष देतात.

हे सगळं फोमच्या प्राण्यांवरच हं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. आणि नागपूरच्या मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नकोस, लाकूड-फायबरचा जोड सुटतो.