मोठ्या टाकीचा फिल्टर : आवाज, वीज आणि खोक्यावरचे आकडे

‘माशांच्या मोठ्या टाकीसाठी आवाज न करणारा, भरवशाचा फिल्टर कोणता?’ या एकाच प्रश्नाच्या पोटात वाचकांनी बरंच काही पाठवलं आहे. कंपनीचं नाव कुणालाच सांगणार नाही. टाकी केवढी, मासे कोणते, वीज किती वेळ जाते हे न विचारता जो नाव सांगतो, तो माल खपवत असतो.

पाच बाय दोन बाय दोन फुटांची टाकी करतो आहे. दुकानदार म्हणतो, ताशी १२०० लिटरचा एक आतला फिल्टर पुरे. खरं का? (नाशिक)

नाही. ही टाकी काठोकाठ भरली तर ५६५ लिटरची. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून ४८० लिटर पाणी धरा. ते तासाला निदान चार वेळा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे प्रत्यक्षात १९०० ते २००० लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र आतलं मीडिया, म्हणजे स्पंज-रिंगा, न भरता आणि पाणी वर न चढवता मोजलेला असतो. मीडिया भरलेल्या, महिनाभर चाललेल्या कॅनिस्टरमधून (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) त्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी येतं. म्हणून ताशी २००० लिटर लिहिलेले दोन कॅनिस्टर घ्या. ४००० चा एकच नको. तो बंद पडला की सगळंच बंद, आणि दोन असले की धुणंही आलटूनपालटून होतं. टोपल्यांत मीडिया किती लिटर मावतं तेही विचारा. दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून उत्तर कुणी देत नाही. दोन्ही मिळून १० लिटरच्या खाली नको. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा गोल्डफिशसारखे जास्त घाण करणारे मासे असतील तर त्याहून जास्त. आणि पाणी, काच, स्टँड धरून हे ओझं ७०० किलोंच्या घरात जातं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, मग फिल्टरचं बघू.

फिल्टरसोबत यूव्ही दिवा ‘फुकट’ मिळतोय. घ्यावा का?

पाणी हिरवं होत असेल तर उपयोग आहे. माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया त्याने कमी होत नाही, आणि फुकट तर तो नसतोच.

धुतल्यापासून कॅनिस्टर खडखडतो. मोटर बदलायला सांगताहेत. (ठाणे)

थांबा. धुतल्यानंतर एक दिवस आत अडकलेल्या हवेचा आवाज येतोच. चालू असतानाच कॅनिस्टर हलकेच दोन्ही बाजूंना कलता करा, बुडबुडे निघून जातील. दोन दिवसांनीही आवाज येत असेल तर पाणी ओढणाऱ्या नळीचा जोड हवा घेतोय का पाहा. एअर पंपाचा दगड तिच्या तोंडाशी असेल तर सरकवा. मग वीज बंद करून इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं पातं) बाहेर काढा. त्याची सिरॅमिकची काडी मोडलेली असते, टोकाची रबरी टोपी धुताना बेसिनमध्ये गेलेली असते, नाहीतर गोगलगायीच्या शंखाचा तुकडा खाचेत बसलेला असतो. बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षार धरतो. इम्पेलर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रशने घासा आणि चांगला खळबळून मग बसवा. काडी-टोपीचे पैसे मोटरच्या मानाने किरकोळ. खडखड नसून नुसती घूं घूं असेल, तर कॅनिस्टर कपाटाच्या प्लायवूडला टेकलाय. खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घाला. एवढं करूनही थांबलं नाही तर अधिकृत सर्व्हिसवाल्याला दाखवा.

बेडरूममध्ये टाकी आहे. झोपताना फिल्टर बंद करतो, सकाळी लावतो. आठ तासांनी काय बिघडतं? सकाळी मासे वर तोंड काढून असतात. (कोल्हापूर)

काय बिघडतं ते तुमचे मासेच सांगताहेत. ‘माशांनाही रात्री विश्रांती लागते’ हा व्हॉट्सॲपी शहाणपणा आता पुरे. झाडं आणि मासे दोघंही रात्री प्राणवायू वापरतात. नेमका त्याच वेळी तुम्ही पृष्ठभाग हलवणारा प्रवाह थांबवता. हे झालं टाकीतलं. कॅनिस्टरच्या आत त्याहून वाईट चालतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू रिंगांवर राहतात, आणि त्यांना प्राणवायू लागतो. बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, गाळ कुजतो. सकाळी बटण दाबलं की ते सडकं पाणी थेट टाकीत. रोज! ही वसाहत नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तुम्ही ती दर रात्री मोडता.

वीज गेल्यावरही हेच होतं. तासा-दोन तासांत आली तर काही करू नका. चार तासांच्या वर गेली तर कॅनिस्टर उघडा, आतलं पाणी मोरीत ओता, मीडिया टाकीतल्याच पाण्यात बुचकळा आणि मगच सुरू करा. झाकण काढताच कुजक्या अंड्याचा वास आला तर कुणाच्याही सांगण्यावरून तसाच लावू नका. वीज येईपर्यंत माशांना खायला घालू नका. बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा. अंधारात शोधायची ती वस्तू नव्हे. फिल्टर ३०-४० वॅटचा, इन्व्हर्टरवर आरामात चालतो, पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुरगुरते आणि तापते. टाकीचा हीटर मात्र त्या लाइनवर नको, तो ३०० वॅट ओढतो. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आवाजासाठी वरचं उत्तर वाचा. मासे अजूनही वर येत असतील तर आज अमोनिया तपासा आणि जाणकाराला दाखवा, आठवडाभर वाट पाहू नका.

सम्प (टाकीखाली ठेवलेली दुसरी, फिल्टरची टाकी) जास्त शांत असतो म्हणतात. (पुणे)

नीट बांधला तर. गुडगुड होते ती खाली जाणाऱ्या पाइपात पाण्याबरोबर हवा शिरल्यामुळे. एक पाइप व्हॉल्व्हने आवळून पूर्ण भरलेला चालवा आणि शेजारी आणीबाणीचा दुसरा ठेवा. पाच बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३ लिटर. सम्पमधून पाणी परत वर आणणाऱ्या पाइपचं तोंड दोन इंच बुडालेलं असेल, तर वीज जाताच ४६ लिटर उलटे खाली येतात. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. शिवाय त्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटेल, आणि शेवाळाने ते बुजू देऊ नका. उलटं पाणी अडवणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका. घरी असताना मुद्दाम वीज बंद करून एकदा पाहा. फरशी पुसायची वेळ आली तर काम करणाऱ्याला तेव्हाच परत बोलवा.

सगळं मीडिया नळाखाली लख्ख धुतलं. आता पाणी दुधाळ.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जिवाणू मारले. खाणं निम्मं करा, क्लोरिन काढलेल्या पाण्याने रोज २५ टक्के पाणी बदला, अमोनिया-नायट्राइट तपासा. औषध ओतू नका. पुढच्या वेळी टाकीच्या पाण्यात, आणि अर्धंच मीडिया.

पाण्यात हात घातला की मुंग्या येतात. फिल्टर बदलू का?

मेन स्विच बंद करा. हात पाण्यात घालू नका. आजच इलेक्ट्रिशियन बोलवा आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते त्याच्याकडून तपासून घ्या.