प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेत एन-क्वीन्सचा (एन × एन पटावर एन राण्या एकमेकींना मारणार नाहीत अशा ठेवायचं कोडं) प्रोग्राम पट मोठा केला की अडकतो. वेग कसा वाढवू?

आधी लेबलिंगकडे, म्हणजे व्हेरिएबल्सना (इथे राण्यांना) एकेक किंमत देऊन पाहण्याच्या टप्प्याकडे बघा. नुसतं 'लेबल' लिहिलंत तर सोडवणारा व्हेरिएबल्स यादीतल्या क्रमानेच घेतो. त्याऐवजी 'लेबलिंग'ला 'एफएफ' (फर्स्ट फेल) हा पर्याय द्या, म्हणजे ज्या राणीला सगळ्यात कमी जागा उरल्यात तिला तो आधी हात घालतो. फसायचंच असेल तर लवकर फसलेलं बरं, शोधाच्या झाडाचा खालचा सगळा भाग तपासायचा वाचतो. एवढ्या एका शब्दाने जो फरक पडतो तो बाकी कशानेही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, सगळी बंधनं (उत्तराने पाळायच्या अटी) लेबलिंगच्या आधी मांडा. सेंड अधिक मोर बरोबर मनी हे कोडं (प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे एक वेगळा अंक) एसडब्ल्यूआय प्रोलॉगमध्ये लेबलिंग न करता चालवून पाहा: एस ९, एम १, ओ ० लगेच ठरतात आणि ई फक्त ४ ते ७ मध्ये उरतो. शोध सुरू होण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं!

सगळ्या किंमती वेगळ्या हव्यात हे सांगायला 'ऑल डिफरंट'ऐवजी 'ऑल डिस्टिंक्ट' वापरलं तर अशक्य किंमतींची छाटणी जास्त होते, पण दर वेळी खर्चही जास्त. सुडोकूत ते हमखास फळतं, राण्यांच्या बाबतीत मात्र 'टाइम' लावून इन्फरन्सेस (प्रोलॉगने टाकलेली पावलं) मोजा आणि मगच ठरवा. सगळी उत्तरं हवी असतील तर पहिली राणी पटाच्या अर्ध्या भागातच ठेवा, उरलेली उत्तरं आरशातली असतात.

एवढं करूनही कमी पडलं तर सिक्स्टस किंवा जीएनयू प्रोलॉग या दुसऱ्या प्रोलॉग प्रणालींवर चालवून बघा. एसडब्ल्यूआयची बंधनं सोडवणारी सीएलपीएफडी लायब्ररी प्रोलॉगमध्येच लिहिलेली आहे, त्यामुळे तिच्या वेगाला मर्यादा आहेच.