नव्या जातीचे नाव लिहिण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

जांभळाच्या निरोगी पानातून वाढवलेली तुझी बुरशी ही डायपोर्थे या बुरशींच्या गटातली नवी जाती असावी, असे तू कळवले आहेस. तुझा आनंद मला समजतो. पण आयटीएस या डीएनए-भागाचा क्रम सार्वजनिक संग्रहातील जवळच्या नोंदीशी ९७ टक्के जुळतो, एवढ्या आधारावर नाव देण्याची घाई करू नकोस.

आधी ही बुरशी खरोखर पानाच्या आतलीच आहे ना, याची खात्री कर. अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतलेले पान बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर हलके दाबून त्याचा ठसा घेतलास का? त्या ठशातून काही उगवले, तर पृष्ठभाग निर्जंतुक झालाच नव्हता आणि पुढची सारी मेहनत संशयात येते.

आयटीएसला २०१२ मध्ये बुरशींचा सर्वसाधारण बारकोड, म्हणजे जात ओळखण्याचा डीएनए-भाग, म्हणून मान्यता मिळाली, तरी सर्व गटांत तो सारखाच उपयोगी पडत नाही. कोलेटोट्रायकम या बुरशींच्या गटातल्या कित्येक वेगळ्या जातींत तो जवळजवळ सारखाच असतो, तर डायपोर्थेमध्ये एकाच जातीच्या आत तो इतका बदलतो की, केवळ त्यावर विसंबणारा अभ्यासक एका जातीच्या दोन जाती करून बसतो. शिवाय सार्वजनिक संग्रहांतील काही क्रमांवरची नावेच मुळात चुकीची असतात. म्हणून टीईएफ१, बीटा-ट्युब्युलिन आणि कॅल्मोड्युलिन या जनुकांचे क्रम काढ, आणि तुलना शक्यतो मूळ प्रमाण-नमुन्यांच्या, म्हणजे ज्यांवरून त्या जातींना नावे दिली गेली त्या नमुन्यांच्या, क्रमांशीच कर.

तुझी बुरशी बीजाणू देत नाही, ही एंडोफाइटांच्या, म्हणजे निरोगी वनस्पतीच्या आत राहणाऱ्या बुरशींच्या, अभ्यासातली नित्याची अडचण आहे. पाणी-अगार या माध्यमावर निर्जंतुक केलेल्या पाइनच्या सुया ठेवून काही आठवडे वाट पाहा. त्यांवर बीजाणू धरणारी काळी फळपिंडे आली, तर बीजाणूंची मापे घेता येतील. या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा धीर.

त्यानंतरच नाव. वाळवलेला, म्हणजे चयापचय थांबलेला प्रमाण-नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर संग्रहात आणि जिवंत संवर्ध, म्हणजे माध्यमावर वाढवलेली बुरशी, तिथल्याच राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रहात ठेवता येईल. २०१३ पासून नव्या नावासाठी मायकोबँकसारख्या मान्य नोंदणीकेंद्राचा क्रमांकही आवश्यक आहे.

तोवर पावसाळा आहे, तेव्हा त्या झाडाची आणि दूरच्या आणखी पाच-सहा जांभळांची पाने गोळा कर. एकाच संवर्धावर नवी जाती उभी करणे मला पटत नाही.