१९९६, मग १९८४, मग २००३: एनबीए ड्राफ्ट बॅचेसचा माझा क्रम

प्रश्न असा आहे की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, इतिहासातली सगळ्यात भारी ड्राफ्ट बॅच (एका वर्षी निवडलेल्या नव्या खेळाडूंची तुकडी) कोणती, आणि लेब्रॉन जेम्सची २००३ ची बॅच आता मायकल जॉर्डनच्या १९८४ च्या वर ठेवायची का. माझं उत्तर आधीच सांगतो. २००३ ला मी १९८४ च्या वर नेणार नाही. पण पहिला नंबर १९८४ लाही देणार नाही, तो १९९६ चा आहे.

हे वाचून बरेच जण भडकतील. ज्या बॅचमध्ये जॉर्डन आहे ती दुसरी कशी? म्हणून मी नेमकं काय मोजतोय ते सांगतो. ड्राफ्टमध्ये कॉलेजातून, शाळेतून किंवा परदेशातून येणारे नवे खेळाडू संघ ठरलेल्या क्रमाने निवडतात, आणि आदल्या हंगामात मार खाल्लेल्या संघांना आधी निवडायला मिळतं. त्या एका रात्रीत लीगमध्ये एकूण किती खेळ आला, तो किती वर्षं टिकला आणि किती संघांचं नशीब त्याने पालटलं, हे बॅच मोजताना बघायचं. जॉर्डन मोठा की लेब्रॉन, हा वाद निराळा. तो यात घुसला की बाकीच्या पन्नास-साठ जणांकडे कोणी बघतच नाही. म्हणून मी प्रत्येक बॅचमधली वरची दोन नावं झाकतो आणि खाली काय उरतं ते बघतो.

१९८४ पासून सुरुवात करू. तेव्हा पहिला नंबर ठरवायला सोडत, म्हणजे लॉटरी, नव्हती. पूर्व आणि पश्चिम विभागातल्या तळाच्या संघांमध्ये नाणं उडवून पहिला नंबर ठरायचा. नाणेफेक ह्यूस्टनने जिंकली आणि त्यांनी हकीम ओलाजुवानला घेतलं. या निवडीबद्दल आजही कोणी ह्यूस्टनला बोल लावत नाही. दुसऱ्या नंबरवर पोर्टलंडने सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्यावर शिकागोने जॉर्डन. पोर्टलंडला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण त्या वेळचं गणित समजून घ्या. आदल्याच वर्षी त्यांनी क्लाइड ड्रेक्सलर घेतला होता, म्हणजे जॉर्डनच्या जागेवर खेळणारा तगडा गडी घरात होता. बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरशिवाय विजेतेपद मिळत नाही, असं तेव्हा सगळेच मानत. माझी तक्रार दुसरी आहे. पायाच्या दुखापतीमुळे बोवीचे कॉलेजातले दोन अख्खे हंगाम वाया गेले होते आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे पोर्टलंडकडून पाच वर्षांत तो १३९ सामने खेळला. उभा राहिला तेव्हा बरा खेळायचा, पण पायाने त्याला उभं राहू दिलं नाही.

आता जॉर्डन आणि ओलाजुवान झाका. उरतात पाचव्या नंबरचा चार्ल्स बार्कली आणि सोळाव्या नंबरचा जॉन स्टॉक्टन. बार्कली १९९३ चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. त्या जागेवरच्या खेळाडूंच्या मानाने उंचीने कमी, तरीही १९८६-८७ मध्ये रिबाउंडमध्ये (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू पकडण्यात) लीगमध्ये पहिला. स्टॉक्टनचे १५,८०६ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) आणि ३,२६५ स्टील्स (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू), दोन्ही विक्रम अजून उभे आहेत. १९ हंगामांत हा माणूस फक्त २२ सामन्यांना मुकला. माझ्या मते या बॅचमधली सगळ्यात अचाट गोष्ट हीच आहे, जॉर्डनच्या सहा विजेतेपदांपेक्षाही. त्यांच्या खाली सातव्या नंबरचा ॲल्विन रॉबर्टसन. एकाच सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट आणि स्टील्स या चारही रकान्यांत दोन आकडी संख्या गाठणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू. मग ओटिस थॉर्प, केव्हिन विलिस, सॅम पर्किन्स.

आणि इथून पुढे धार कमी होते. त्या वर्षी दहा फेऱ्या झाल्या आणि २२८ खेळाडू निवडले गेले. धावपटू कार्ल लुईससुद्धा त्यात होता, शिकागोने त्याला दहाव्या फेरीत घेतलं होतं. एवढ्या २२८ जणांमधून ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या वार्षिक निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडलेले, झाले सात.

१९९६ मध्ये दोनच फेऱ्या होत्या आणि ५८ खेळाडू निवडले गेले. त्यांतले दहा पुढे ऑल-स्टार झाले. हा आकडा मला फार मोठा वाटतो, कारण तो कुणा एकाच्या मोठेपणावर उभा नाही.

कोबी ब्रायंट आणि स्टीव्ह नॅश झाका. कोबीचे ३३,६४३ गुण आणि पाच विजेतेपदं गेली, नॅशचे दोन एमव्हीपी गेले. तरी पहिल्या नंबरचा ॲलन आयव्हरसन उरतो. २००१ चा एमव्हीपी, चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक गुणसरासरी. पाचव्या नंबरचा रे ॲलन उरतो. तो निवृत्त झाला तेव्हा इतिहासात त्याच्याइतके थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) कोणीच मारलेले नव्हते, आणि तो विक्रम थेट २०२१ च्या डिसेंबरमध्ये स्टीफन करीने मोडला. मग सहा वेळा ऑल-स्टार झालेला जर्मेन ओनील. २००७ चा सर्वोत्तम बचावपटू मार्कस कॅम्बी, जो कधी ऑल-स्टारही झाला नाही, म्हणजे वरच्या दहांत तो धरलेलाच नाही. स्टेफन मारबरी, अँटवान वॉकर, शरीफ अब्दुर-रहीम, पेजा स्टोयाकोविच, इल्गाउस्कस. आणि चोविसावा डेरेक फिशर, पाच विजेतेपदांचा मानकरी. बेन वॉलेसही याच वर्षीचा, चार वेळा सर्वोत्तम बचावपटू आणि आता हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत. पण त्या रात्री त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही, तो ड्राफ्टबाहेरून आला. म्हणून मी त्याला हिशेबात धरत नाही. काही जण धरतात. धरला तर माझी बाजू आणखी भक्कम होते.

त्या रात्रीचे निर्णय बघितले की अजून हळहळ वाटते. न्यू जर्सीच्या मनात आठव्या नंबरला कोबी होता, घेतला केरी किटल्स. सतरा वर्षांच्या कोबीला तेराव्या नंबरवर शार्लटने घेतलं, तेही लॉस एंजेलिसच्या लेकर्ससाठी, कारण बदल्यात त्यांचा सेंटर व्लादे दिवाच मिळणार होता. दिवाच लॉस एंजेलिस सोडायला तयार नव्हता, निवृत्त होईन म्हणाला. शेवटी तो गेला म्हणून कोबी लेकर्सचा झाला. हे नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा येईल. पंधराव्या नंबरवर फिनिक्सने नॅशला घेतलं तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो केली. कॅनडात वाढलेला, छोट्या कॉलेजातून आलेला हा पोरगा कोण, असा त्यांचा सवाल. दोन वर्षांनी त्याला डॅलसला देऊन टाकला, पुन्हा परत आणला, आणि त्यानंतर त्याने त्याच शहरात ओळीने दोन एमव्हीपी मिळवले.

या बॅचबद्दल मला खरा जिव्हाळा २००१ च्या अंतिम मालिकेमुळे आहे. लेकर्स त्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) एकही सामना न हरता तिथवर आले होते, अकरापैकी अकरा. समोर फिलाडेल्फिया, म्हणजे आयव्हरसन आणि जिवावर उदार होऊन बचाव करणारे त्याचे साथीदार. पहिला सामना लेकर्सच्या घरी. जेमतेम सहा फुटांच्या आयव्हरसनने ४८ गुण ठोकले. जादा वेळेत उजव्या कोपऱ्यात टायरन लू त्याच्यासमोर उभा होता. आयव्हरसनने एक पाऊल मागे घेऊन शॉट मारला, लू तोल जाऊन खाली बसला, आणि आयव्हरसन त्याला ओलांडून पुढे गेला. फिलाडेल्फिया १०७-१०१ ने जिंकलं. पुढचे चारही सामने लेकर्सने घेतले. म्हणजे त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये लेकर्सचा एकच पराभव, आणि तो केला कोबी-फिशरच्याच बॅचमधल्या पोराने. त्यानंतर २००४ मध्ये बेन वॉलेसचं डेट्रॉइट, २००८ आणि २०१० मध्ये रे ॲलनचं बॉस्टन, प्रत्येक वेळी समोर कोबी आणि फिशर. दहा वर्षं ही बॅच अंतिम फेरीत आपसातच भांडत होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. दोन्ही बॅचेसमधून पाच-पाच जणांचे संघ उभे केले, तर १९८४ चा संघ जिंकेल. स्टॉक्टन, रॉबर्टसन, जॉर्डन, बार्कली, ओलाजुवान या पाचांना हरवणारी बॅच झालीच नाही. पण दहा-दहा जण घेतले की मी डोळे मिटून १९९६ घेईन.

आता २००३. लेब्रॉन पहिला, कार्मेलो अँथनी तिसरा, ख्रिस बॉश चौथा, ड्वेन वेड पाचवा. पहिल्या पाचात असे चौघं दुसऱ्या कुठल्याही वर्षी आलेले नाहीत, हे मला पूर्ण मान्य. लेब्रॉनने २०२३ च्या फेब्रुवारीत करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मागे टाकला आणि अजून मागे वळून बघितलेलं नाही. पण लेब्रॉन आणि वेड झाका. कार्मेलो आणि बॉश उरतात, दोघंही हॉल ऑफ फेममध्ये. त्यानंतर डेव्हिड वेस्ट, जॉश हॉवर्ड, मो विल्यम्स, ख्रिस केमन, ५१ व्या नंबरचा काइल कॉर्व्हर. चांगली माणसं आहेत, ऑल-स्टार म्हणून एकेक-दोनदा निवडली गेलेली. पण संघ ज्याच्या भोवती बांधावा असा त्यात एकही नाही. १९९६ मध्ये याच पायरीवर आयव्हरसन आणि ॲलनच्या मागे ओनील आणि कॅम्बी उभे आहेत.

मधला दुसरा नंबर म्हणजे डार्को मिलिचिच. डेट्रॉइटकडे हा नंबर आला कसा, ते बघण्यासारखं आहे. १९९७ मध्ये व्हँकुव्हर ग्रिझलीजनी ओटिस थॉर्पला मिळवण्यासाठी पुढच्या कुठल्या तरी वर्षाची पहिल्या फेरीतली निवड डेट्रॉइटला देऊन टाकली. थॉर्प तोच, १९८४ च्या बॅचमधला, तेव्हा पस्तिशीला आलेला. ती निवड फिरत फिरत २००३ ला दुसऱ्या नंबरची निघाली. डेट्रॉइटचा संघ तयार होता, आत बेन वॉलेस होता, घाई नव्हती, म्हणून त्यांनी अठरा वर्षांच्या डार्कोवर डाव लावला. पुढच्याच वर्षी ते विजेते झाले, त्यामुळे ही चूक त्या वेळी फारशी टोचली नाही. पण त्या संघात वेड किंवा बॉश असता तर, हा विचार डेट्रॉइटच्या चाहत्यांना आजही छळतो.

२०१३ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना तुम्ही बघितला असेल. लेब्रॉन, वेड आणि बॉशचं मायामी तीन गुणांनी मागे, सॅन अँटोनियोच्या कवाय लेनर्डचा एक फ्री थ्रो नुकताच हुकलेला. लेब्रॉनचा थ्री चुकतो, बॉश गर्दीत उडी मारून रिबाउंड पकडतो, आणि तोवर मायामीत आलेला रे ॲलन तोंड बास्केटकडे ठेवूनच उलट्या पावलांनी कोपऱ्यात सरकत जातो. खाली न बघता त्याचे पाय रेषेच्या मागे थांबतात. पास, थ्री, ९५-९५, घड्याळात ५.२ सेकंद. मायामी जादा वेळेत १०३-१०० ने जिंकलं आणि पुढे मालिकाही. लेब्रॉनच्या चारपैकी एक विजेतेपद १९९६ च्या एका सदतिशीच्या माणसाने वाचवलेलं आहे.

चौथ्या नंबरवर मी १९८७ ठेवतो. डेव्हिड रॉबिन्सन, पिपेन, रेजी मिलर, केव्हिन जॉन्सन, हॉरेस ग्रँट. रॉबिन्सनला नौदलातली सेवा आधी पूर्ण करायची होती, तो १९८९ मध्ये खेळायला आला, आणि सॅन अँटोनियोने दोन वर्षं वाट बघितली. पिपेनला सिॲटलने घेऊन लगेच शिकागोला दिला, बदल्यात ओल्डन पॉलिनीस. पाचवी १९८५: युइंग, कार्ल मलोन, ख्रिस मुलिन, डुमार्स. यातले पहिले तिघं १९९२ च्या ड्रीम टीममध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघात, होते. १९८४ चेही जॉर्डन, बार्कली आणि स्टॉक्टन होते. म्हणजे बारा जणांच्या त्या संघातले सहा या दोन बॅचेसचे.

१९६० बद्दल कोणी ना कोणी विचारतंच. ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, लेनी विल्कन्स, सॅच सँडर्स. ऑस्करची १९६१-६२ ची सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. पण १९६० मध्ये लीगमध्ये आठच संघ होते, आणि ऑस्करला सिनसिनाटीने स्थानिक खेळाडूवरच्या राखीव हक्काने घेतलं होतं. तुलनेला आधारच उरत नाही, म्हणून मी ही बॅच क्रमात बसवत नाही. तिचा मान कमी आहे असं मात्र कोणी समजू नये.

अलीकडच्यांत २००९ मध्ये करी आणि हार्डन असे दोन एमव्हीपी आहेत, पण मिनेसोटाने पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन्ही नंबर गार्डवर (चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्या, करीच्याच जागेच्या खेळाडूंवर) खर्च करून सातव्यावरचा करी सोडला, याची चर्चाच जास्त होते. मला जास्त उत्सुकता २०१८ ची आहे. सॅक्रामेंटोकडे दुसरा नंबर होता. तेव्हा संघाचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, आणि खेळाडू निवडण्याची जबाबदारी त्याच व्लादे दिवाचकडे, ज्याच्या बदल्यात एकदा कोबी गेला होता. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. तिसऱ्या नंबरला लुका डोन्चिच गेला. अकराव्याला शे गिल्जस-अलेक्झांडर, जो २०२५ मध्ये एमव्हीपीही झाला आणि विजेताही. शिवाय ट्रे यंग, जॅरन जॅक्सन, आणि दुसऱ्या फेरीतला ३३ वा जेलन ब्रन्सन. डोन्चिच आणि गिल्जस-अलेक्झांडर झाकून आज जे उरतं, ते २००३ च्या उरलेल्यांपेक्षा मला फार मागे वाटत नाही. ब्रन्सन आणि जॅक्सन अजून पाच-सहा वर्षं असेच खेळले, तर माझ्या यादीतला तिसरा नंबर मला पुन्हा तपासावा लागेल.