दोन वर्षांच्या लॅब्रॅडॉरला घेऊन जानेवारीत ठाण्याहून चार दिवस कोकणात जायचंय. गाडीने न्यावा की रेल्वेने? पेट-फ्रेंडली ठिकाणं कोणती? काही होमस्टेवाले रात्री पडवीत बांधा म्हणतात, ते चालेल का?

शेवटचा प्रश्न नसता तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. नाही चालणार. आमच्या गावच्या घरी हाच वाद दर सुट्टीत होतो. काकांचं म्हणणं, कुत्रं राखणीला असतं, त्याची जागा बाहेर. ऐकून ऐकून कान किटलेत, म्हणून आधी तेच.

गावचं कुत्रं पडवीत झोपतं हे खरं, पण ते मोकळं असतं. वास आला की ते उठून दोन घरं पलीकडे जातं, जिन्याखाली शिरतं, नाहीतर चार जणांच्या टोळक्यात मिसळतं. तुमचा लॅब चार फुटी साखळीने खांबाला बांधलेला असणार. अंधारात काय फिरतं ते त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी तो पळणार कुठे? कोकणात बिबट्या गावाजवळच असतो. विहिरीत पडलेल्या बिबट्यांच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येतच असतात. त्याला सगळ्यात सोपं मिळणारं खाणं म्हणजे कुत्रं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात शेळ्या-गुरांपेक्षा कुत्रा कितीतरी जास्त निघाला. बांधलेलं कुत्रं भुंकतं, म्हणजे आपला पत्ताच देतं. यजमान सांगतील, ‘आमच्याकडे कधी नाही झालं हो.’ त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी नव्हती म्हणून नाही झालं.

बिबट्या सोडा. रात्री पडवीत अनोळखी कुत्रा दिसला की वाडीतली कुत्री जमतात. बांधलेल्या कुत्र्याला माघार घेता येत नाही, मग चावाचावी ठरलेली. शिवाय जांभ्याच्या गडग्यातून, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणातून, फुरसं हे विषारी सापाचं ध्यान निघतं. दीड-दोन वीत लांबीचं, दगडाच्या रंगाचं, अंगाची घडी करून खवले घासत खरखर आवाज करणारं. लॅब त्या आवाजाला नाक लावायला जातो. नाकावर किंवा पुढच्या पायावर चावलं की सूज चढते, पुढे रक्त गोठायचं थांबतं. तिथे पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका, चालवत नेऊ नका. उचलून गाडीत घाला आणि निघतानाच पशुवैद्याला फोन करून प्रतिविष आहे का विचारा. प्रतिविष माणसांचंच वापरतात, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं. जनावरांच्या दवाखान्यात ते असेलच असं धरून चालू नका.

म्हणून मी ठिकाणांची यादी देत नाही. अशा याद्यांतली निम्मी घरं ‘पेट अलाउड’ लिहून पडवीच दाखवतात. फोन करून पहिला प्रश्न एकच विचारा: रात्री कुत्रा कुठे झोपेल? ‘आमच्याबरोबर खोलीत ना?’ असं तुम्हीच सुचवू नका, त्यांना बोलू द्या. ‘खोलीतच, पण गादीवर नको’ हे उत्तम उत्तर, तेवढी अट रास्त आहे. ‘बघू, आलात की ठरवू’ म्हणाले की फोन ठेवा.

पुढचे प्रश्न त्यांच्या आवाराचे. घरच्या कोंबड्या मोकळ्या असतात का? लॅब कितीही गरीब असला तरी फडफडणारी कोंबडी बघून त्याचा संयम सुटतो. कुंपण म्हणजे गुडघाभर गडगा की जाळी-फाटक? विहिरीला कठडा आहे का? आणि जानेवारीत जाताय म्हणून खास: आंब्याच्या बागेत फवारणी कधी आहे? मोहोराच्या दिवसांत हापूसच्या बागांत कीटकनाशकाच्या फवारण्या चालतात. झाडाखालचं गवत ओलं असतं आणि कुत्र्याला गवत खायची सवय असते. फवारणीनंतर लाळ गळणं, थरथर, सारखी शी-शू होणं दिसलं तर वाट बघू नका. अंग साबणाने धुवा आणि डॉक्टरकडे निघा, कोणतं औषध मारलं होतं ते नाव लिहून घेऊन. बागायतीच्या कडेला रानडुकरांसाठी तारेचे फासेही लावलेले असतात, तेव्हा आवाराबाहेर दोरी सोडायची नाही.

याच बेतावर कोणी मार्च ते मे जाणार असेल तर फवारणीऐवजी काजू आणि कोयींची काळजी. कच्च्या काजूच्या टरफलातला चीक तोंड पोळवतो. आंब्याची कोय लॅब न चावता गिळतो आणि ती आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय इलाज नसतो.

आता प्रवास. ३० किलोच्या लॅबसाठी गाडीच बरी. रेल्वे जमते, पण तिच्यात खाचाखोचा आहेत.

रेल्वेत कुत्रा तुमच्याजवळ राहू शकतो तो फक्त फर्स्ट एसीत, आणि तोही अख्खा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन तुमच्याच नावावर असेल तेव्हा. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, खुर्चीयान कुठेच नाही. म्हणजे वंदे भारत, तेजस, जनशताब्दी या बैठ्या गाड्या बाद. कोकणकन्येचा फर्स्ट एसी तुमच्या कामाचा. गाडी रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, कुत्रा झोपेत असतानाच प्रवासाचा मोठा भाग उरकतो. दोन्ही माणसांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. तिकीट कन्फर्म असलं तरी त्यावर कूपे लिहिलेला नसतो, तो चार्ट लागतो तेव्हा ठरतो. म्हणून एक-दोन दिवस आधी विभागाच्या वाणिज्य कार्यालयात पीएनआर लिहून ‘सोबत कुत्रा आहे, कूपे मिळावा’ असा अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज दिला म्हणजे कूपे मिळालाच असं नाही. चार बर्थच्या केबिनमध्ये अनोळखी दोघांबरोबर नंबर आला, तर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या डॉगबॉक्समध्ये. ती लोखंडी पेटी लॅबला अंग वळवायलाही पुरत नाही. तशी वेळ आली तर तिकीट सोडा आणि गाडी काढा.

कूपे मिळाल्याचं कळलं की सुटायच्या तीनेक तास आधी सीएसएमटीच्या पार्सल ऑफिसात जायचं. तिकीट, ओळखपत्राची प्रत, लसीकरणाचं पुस्तक आणि एक-दोन दिवसांतलं पशुवैद्याचं फिटनेस सर्टिफिकेट घ्या. त्यावर जात, रंग, लिंग लिहून घ्या. कुत्र्याचं भाडं ६० किलो सामानाच्या दराने लागतं आणि त्याची वेगळी पावती मिळते. ती नसेल तर टीसी सामानाच्या दराच्या सहापट लावू शकतो. ठाण्याला चढू नका. गाडी तिथे जेमतेम थांबते, फलाटावर ट्रॉल्या, माणसं, भोंगे, आणि बिचकलेला लॅब डब्याच्या पायरीवर चारी पाय रोवून बसला की दोन माणसांना हलत नाही. सीएसएमटीला गाडी आधी लागते, सावकाश चढवता येतं. जेवण संध्याकाळी लवकर, शू स्टेशनाबाहेर. मधल्या स्टेशनांवर उतरवू नका. त्याची रोजची सतरंजी कूपेच्या फरशीवर घाला, वास ओळखीचा असला की झोपतो.

गाडीने जायचं तर पहाटे चारला निघा. शनिवारी उजाडल्यावर इंदापूर-माणगावची कोंडी तुमचीच वाट बघत असते. कशेडीचा बोगदा झाल्यापासून खेडपर्यंत वळणं कमी झाली, पण महामार्ग सोडून समुद्राकडे वळलात की परत नागमोडी रस्ता. ओकणाऱ्या कुत्र्याला निघण्याआधी सहा तास खाणं नको, पाणी थोडं थोडं चालेल. ओकारीवर मॅरोपिटंट गोळी मिळते, ती निघायच्या दोन तास आधी द्यायची, मात्रा डॉक्टरकडून वजनावर ठरवून. झोपेची गोळी देऊ नका. सोसायटीत कोणीतरी हमखास सुचवतं. तिने रक्तदाब पडतो, अंगाचं तापमान सांभाळायची ताकद जाते आणि भीती तशीच राहते, फक्त कुत्रा ती दाखवू शकत नाही.

बसायला मागची सीट. पाय ठेवायच्या खाचेत बॅगा भरून वर सपाट गादी करा. सीटबेल्टची पट्टी छातीच्या हार्नेसला पाठीवरच्या कडीत अडकवा, गळपट्ट्याला कधीच नाही. करकचून ब्रेक लागला की मान जाते. दर दोन तासांनी दहा मिनिटं उतरवा, आणि दार उघडण्याआधी दोरी हातात धरा. बंद गाडीत ‘पाच मिनिटं’ सोडून चहाला जाऊ नका. बाहेर ३० अंश असताना आतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेतही हेच होतं: बोटीचं अंतर थोडं, पण रांगेत इंजिन बंद करून लोक खाली उतरतात आणि कुत्रा आत उकडतो. त्याला घेऊन सावलीत उभे राहा.

किनारा निवडताना नाव बघू नका, गर्दी आणि घोडागाड्या बघा. गणपतीपुळे, काशीद, तारकर्लीचा मुख्य भाग शनिवार-रविवारी कुत्र्यासाठी त्रासाचेच. गुहागरचा लांब किनारा, केळशी, आंजर्ले, मालवणजवळचं तोंडवळी-तळाशील इथे सकाळी ओहोटीच्या वेळी मनसोक्त चालता येतं. मात्र वेळास, आंजर्ले, गुहागर ही ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचीही ठिकाणं आहेत आणि जानेवारी ऐन हंगामात येतो. घरटी उकरणाऱ्यांत कुत्री आघाडीवर असतात, त्यामुळे तिथे दोरी सुटता कामा नये. यावर ‘आमचा काही करत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी आता बोलतच नाही. फणसाड, कर्नाळा अशा अभयारण्यांत कुत्रा न्यायचा नसतो, तो विषय बंद.

वाळूत मेलेला केंड मासा दिसला तर लॅबच्या आधी तुम्ही पोचा. फुगलेला, काटेरी, जाळ्यातून फेकून दिलेला असतो. त्याचं विष स्नायू लुळे करतं आणि श्वास बंद पाडतं, उतारा नाही. तुटक्या जाळ्यांत गळही अडकलेले असतात. तहान लागली की लॅब समुद्राचंच पाणी पितो, मग रात्रभर उलट्या-जुलाब. चार-पाच लिटर गोडं पाणी बरोबर ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी पाजा. आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.

गोचिडांचा बंदोबस्त घरूनच. फ्लुरॅलॅनरची चघळायची गोळी २० ते ४० किलोच्या कुत्र्याला १००० मिलिग्रॅम, बारा आठवडे चालते. निघायच्या आठवडाभर आधी द्या, म्हणजे काही उलटलं तर घरीच कळेल. फिट येणाऱ्या कुत्र्याला ही देण्याआधी डॉक्टरला विचारा. परत आल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा: खाणं कमी, ताप, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर टिक फीव्हरसाठी रक्त तपासून घ्या, प्लेटलेट बघायला सांगा.

एवढं सगळं दोन वर्षांच्या निरोगी लॅबला धरून लिहिलंय. चपट्या नाकाचा पग किंवा बुलडॉग असता तर मी जानेवारीतही दुपारचा प्रवास नको म्हटलं असतं. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणि माजावर आलेली कुत्री यांना घरीच ठेवा. पावसाळ्यात जायचं ठरलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस वर्षाच्या आतली आहे ना ते आधी पाहा. आणि होमस्टेवाले खोलीत घ्यायला तयार असतील तर स्वतःची चादर, जुना टॉवेल आणि केस उचलायचा रोलर न्या, निघताना खोली झाडून द्या. आमच्या काकांनी पडवीचा हट्ट सोडला तो बिबट्याच्या गोष्टींनी नाही. काकूंना सकाळी गादीवर एकही केस सापडला नाही, तेव्हा सोडला.